आत की बाहेर

फटी बुजवायच्या सिलिकॉनची आणखी एक नळी संपली, तेव्हा नेसाने ती खिडकीबाहेर भिरकावून द्यायचे ठरवले आणि मग तिच्या लक्षात आले की ही खिडकी आता उघडत नाही. ती तिनेच सकाळी चारही बाजूंनी कायमची बंद करून टाकली होती.

"बैस आता," मेंगा टेबलापाशी बसून म्हणाली. "कॉफी निवतेय."

"आई, अजून वारा येतोय!"

"येणारच. डोंगरात राहतो आपण. वारा नाही येणार तर काय ट्राम येणार?"

नेसाने रिकामी नळी टेबलावर आपटली. नळीवर एक कुटुंब छापलेले होते. आई, बाप, दोन मुले, सगळी अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत, बंद खिडकीपाशी उभी राहून हसत होती. खिडकीबाहेर बर्फ. गेल्या काही दिवसांत नेसाला या कुटुंबाचा इतका राग आला होता की त्यांच्यापैकी कोणी रस्त्यात भेटले असते तर तिने त्यांना जाब विचारला असता.

"ती नळी उचल तिथून," मेंगाने कॉफीचे भांडे जवळ ओढले. भांड्याखाली एक काळपट जुनी फळी होती. भांड्याच्या बुडाने टेबलावर डाग पडू नयेत म्हणून मेंगा ती वापरत असे. "आणि दार लोटून घे. आत की बाहेर?"

हे शेवटचे तीन शब्द बोलून झाल्यावर मेंगाने कॉफी न ओतताच भांडे सोडून दिले. नेसाने दार लोटले.

ते शब्द नेसासाठी नव्हतेच. ते योरीसाठी होते. नेसाचा बाप योरी हा फार चांगला माणूस होता, पण त्याला निघता येत नसे. कुणाकडे गेला की तो टेबलापाशी निरोप घेई, कोट चढवून पुन्हा निरोप घेई, दार उघडी, आणि कडीवर हात ठेवून उभा असतानाच त्याला खरा विषय आठवे. मग कुणाची गाय, कुणाचे गवत, ग्रामसभेत कोण काय बोलले. एक पाय घरात, एक पाय बर्फात. स्वतःच्या घरातही तेच. सगळ्या खोलीची ऊब त्याच्या बगलेखालून निघून जाई आणि धुरांड्याच्या बंद शेगडीपाशी बसलेली मेंगा ओरडे, "योरी! आत की बाहेर?" "हा निघालोच," तो म्हणे, आणि उभा राही. आयुष्यभर हे चालले. गेल्या फेब्रुवारीत तो गेला.

त्यानंतरचा हा पहिला हिवाळा. दर वर्षी शरद ऋतूत योरी भिंतींच्या ओंडक्यांमध्ये आणि खिडक्यांच्या कडेने शेवाळ ठासायचा. या वर्षी ते कुणी केले नाही, आणि नोव्हेंबर लागताच मेंगाची छाती भरली. खोकला काही हटेना. तेव्हा झुरिकहून मुलाचा, लुत्सीचा, नेसाला फोन आला.

"डॉक्टर म्हणाले, त्या गारठ्या-वाऱ्यात ती राहू शकत नाही. हिवाळ्यापुरती तिला माझ्याकडे आणतो. माझ्याकडे जमिनीखालून गरम पाणी फिरतं."

"हिवाळ्यापुरती?" नेसा म्हणाली. "हिवाळ्यापुरतं खाली गेलेलं आपल्या गावातलं एक तरी माणूस परत वर आलंय का? पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या खिडक्यांना दुसऱ्याच कुणाचे पडदे लागतात."

"मी काही राक्षस नाहीये, नेसा. रविवारी येतो. घर उबदार असलं तर मी तोंड उघडणार नाही."

"ते तुला कधी जमलंय?"

नेसा बर्नच्या एका ग्रंथालयात काम करत होती. तिने रजा टाकली, घरांच्या उष्णतेवरची पुस्तके वाचली, आणि पिवळ्या टपालबसमधून एक पेटी भरून नळ्या घेऊन वर आली. कोठारात योरीची टोपली तशीच होती, गेल्या वर्षी जमवलेल्या शेवाळाने अर्धी भरलेली. नेसाने ती पाहिली आणि कोठाराचे दार लावून घेतले. पुस्तकात लिहिले होते की शेवाळाचा काही उपयोग नसतो.

आल्या दिवशी मेंगाने तिला एकच अट घातली. "काय भरायचं ते भर. फक्त माझ्या झोपायच्या खोलीतल्या कोटाला हात लावायचा नाही."

योरीचा जाड लोकरी कोट खोलीच्या मागच्या भिंतीवर खुंटीला टांगलेला होता. नेसाने मान हलवली. असल्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

मग तिच्या कामाला सुरुवात झाली, आणि संतापालाही. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ती पेटती मेणबत्ती घेऊन खिडक्यांच्या कडेने फिरली. ज्योत वाकली की तिथे सिलिकॉन. बैठकीची खिडकी झाली, स्वयंपाकघराची झाली, जिन्यावरची झाली. प्रत्येक खिडकी झाल्यावर वारा कमी व्हायला हवा होता. तो वाढत होता. ज्योत आधी नुसती मान वाकवायची, आता ती आडवी पडू लागली, आणि दर वेळी एकाच दिशेला, शेगडीकडे.

"हे शक्य नाही!" नेसा म्हणाली. "आठ फटी बुजवल्यावर उरलेल्या फटींतून वारा कमीच आला पाहिजे."

"वाऱ्याला सांग तसं," मेंगा म्हणाली.

शेजारचा वाल्टी येऊन गेला. तो चर्चची घंटा वाजवायचा, त्यामुळे हवेतले आपल्याला सगळे कळते असे त्याचे मत होते. त्याने बोट चाटले, वर धरले आणि म्हणाला, "खालून येतोय." नेसाने जमिनीच्या कडा भरल्या. समोरची बार्ब्ला आली. ती मेंगाची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि तितकीच जुनी स्पर्धक. ती म्हणाली, "वाल्टीला काय कळतंय! वरून येतोय." नेसाने शिडीवर चढून छताच्या कडा भरल्या. घरभर अशा पांढऱ्या रेघा झाल्या की मेंगा म्हणाली, "लग्नाच्या केकमध्ये राहिल्यासारखं वाटतंय."

वारा येतच होता. नेसाला आता सगळ्यांचाच राग येत होता. नळी बनवणाऱ्यांचा, पुस्तक लिहिणाऱ्यांचा, झुरिकला उबदार फरशीवर अनवाणी फिरणाऱ्या भावाचा. आणि जो माणूस असता तर हे काम तिला करावे लागले नसते त्याचाही, थोडासा.

शनिवारी दुपारी मेंगा बार्ब्लाकडे गेली. नेसाने मेणबत्ती पेटवली आणि आईच्या खोलीत शिरली. मागच्या भिंतीपाशी ज्योत फडफडली, आणि कोटासमोर येताच विझली.

कोटाची बाही हलली.

नेसा शिकलेली बाई होती. ती तशीच उभी राहिली. बाही पुन्हा हलली, अगदी हळू, कुणी हात वर करता करता विचार बदलावा तशी.

मग तिला राग आला, आणि रागाने तिला बळ दिले. तिने कोट उचलला. कोटामागे भिंतीत एक चौकोनी भोक होते, पावाची लादी सहज जाईल एवढे. भोकातून बाहेरचा बर्फ दिसत होता.

तिने ते लगेच ओळखले. गावातल्या प्रत्येक जुन्या घरात ते असते. घरात माणूस गेले की भोकावरची फळी सरकवून आत्म्याला वाट द्यायची, आणि थोड्या वेळाने फळी पुन्हा लावून टाकायची, नाहीतर गेलेला परत येतो. फेब्रुवारीत त्या सकाळी ते बार्ब्लाने उघडले होते. नेसाला आठवत होते. लावायचे मात्र सगळेच विसरले!

"फेब्रुवारीपासून!" ती कोटाला म्हणाली. "मी सुईएवढ्या फटी बुजवतेय आणि इथे खिंडार!"

आता सगळा हिशेब लागला. शेगडीला जळायला हवा लागते. बाकीच्या फटी बुजत गेल्या तशी शेगडी सगळी हवा या एका भोकातून ओढत होती. जितकी नेसा कष्ट करत होती तितका वारा जोरात येत होता. तिने भोकाची फळी शोधली. खुंटीखाली नाही, पेटीमागे नाही, पलंगाखाली नाही. सापडली नाही. शेवटी तिने नळ्यांच्या पेटीतून फुगणाऱ्या फोमचा डबा काढला, भोक गच्च भरले, आणि कोट होता तसा टांगून ठेवला. आईला सांगायचे नाही असे तिने ठरवले. नवऱ्याच्या आत्म्याचे दार महिनोन् महिने उघडे राहिले हे कळले तर तिला वाईट वाटेल.

संध्याकाळी मेणबत्तीची ज्योत सरळ उभी राहिली. घर उबदार झाले. नेसाने त्या हसऱ्या कुटुंबाकडे पहिल्यांदाच बरोबरीच्या नात्याने पाहिले.

"कसं कोंडल्यासारखं होतंय गं," मेंगा म्हणाली आणि लवकर झोपायला गेली.

रविवारी लुत्सी आला. दारातच त्याने बूट झटकले, थर्मामीटर काढला आणि बैठकीच्या मधोमध उभा राहिला. भावाला पहिल्या पावलात ऊब जाणवावी म्हणून नेसाने शेगडी तोंडापर्यंत लाकडांनी भरली होती.

"अरे वा!" लुत्सी म्हणाला. "खरंच की."

"तोंड उघडणार नव्हतास तू."

"कौतुक करायलाही नाही?"

तेवढ्यात शेगडी खोकली. आधी तिच्या लोखंडी दाराच्या फटीतून एक निळी रेघ निघाली, मग दुसरी, आणि मग सगळा धूर धुरांड्याकडे पाठ फिरवून खोलीत आला. आत हवा यायला जागा नसताना वर कशाला जायचे, असा त्याने विचार केला असावा.

"खिडकी उघड!" लुत्सी ओरडला.

"उघडत नाही!"

"मग ती दुसरी!"

"तीही नाही!"

"एक तरी खिडकी उघडते का या घरात?"

"वारा यायला नको म्हणून तूच म्हणालास ना!"

"वारा म्हणालो मी! हवा कुठे म्हणालो!"

त्यांनी दार सताड उघडले. नेसा पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. लुत्सी आईला धरून बाहेर आणायला मागे वळला, तर आई तिथे नव्हती. ती झोपायच्या खोलीकडे गेली होती आणि तिथून आवाज आला:

"नेसा! हे पिवळं काय घातलंस इथे?"

दोघे खोलीत धावले. कोट पलंगावर पडला होता आणि मेंगा पाव कापायच्या सुरीने फोमवर वार करत होती. लुत्सीने तिचा हात धरायला जावे तो फोमचा गोळा सुटला आणि बुचासारखा बर्फात जाऊन पडला. खोलीतल्या धुराला वाट मिळाली. काळ्या धुराचा जाड लोट त्या भोकातून बाहेर पडून आकाशात गेला.

"अगं आई, ते भोक उघडंच राहिलं होतं," नेसा खोकत म्हणाली. "सगळे विसरले लावायला."

"कोणी विसरलं नाही! मी उघडं ठेवलं होतं!"

"का?"

"का म्हणजे? तो माणूस कधी कुठून एका झटक्यात निघालाय का?"

मेंगाच्या हातात सुरी तशीच होती.

"निम्मा जन्म त्या दारात उभा राहिला मेला, आणि मी ओरडत राहिले. आणि खरा निघाला तेव्हा? कोट नाही, निरोप नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, 'अगं मेंगा, एक राहिलंच', आणि संपलं. काय राहिलं? मला काय माहीत! मी म्हटलं, राहू दे उघडं. येईल सांगायला. त्याला वेळ लागतो, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

लुत्सीने थर्मामीटर खिशात घातला. नेसा कोट उचलून त्याच्यावरची काजळी झटकू लागली. फार वेळ झटकत राहिली.

"आई," शेवटी लुत्सी म्हणाला, आणि त्याचा आवाज आता मोठ्या मुलाचा राहिला नव्हता, "हे उघडं ठेवून तू इथे राहू शकत नाहीस. छाती पुन्हा भरेल. एक काय ते ठरव. हे लाव, आणि राहा. नाहीतर चल माझ्याकडे."

मेंगा उत्तर देणार एवढ्यात चर्चची घंटा वाजू लागली.

"आज आत्ता कोण गेलं?" मेंगाने कान टवकारले. "आजारी तर कोणीच नव्हतं."

तिघे दारात आले. समोरून बार्ब्ला बर्फातून धापा टाकत येत होती. एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात झाकलेला अक्रोडाचा केक. तिच्यामागे आणखी दोन घरांची माणसे, टोप्या हातात घेऊन. बार्ब्लाने दारात मेंगाला पाहिले आणि ती जागच्या जागी थांबली.

"तू आहेस?" ती म्हणाली.

"मग कोण असायला पाहिजे?"

"अगं, मी खिडकीतून पाहिलं. लुत्सीची गाडी झुरिकहून आलेली, दार सताड उघडं, पोरगी पायरीवर ढसाढसा रडतेय. आणि छपरामागून, तुमच्या भोकाच्या बाजूने, काहीतरी भलं मोठं, काळं वर गेलं! मी म्हटलं, मेंगाच ती."

"काळं?" मेंगा म्हणाली. "माझा आत्मा काळा?"

"मी काय जवळून पाहिला? वाल्टीला मी फक्त सांगितलं, तो धावला."

घंटा वाजतच होती. मेंगा ऐकत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत होता.

"ही लहान घंटा आहे," ती म्हणाली.

"आई, जाऊ दे ना."

"योरीला मोठी वाजवली होती. मला लहान! आणि किती घाईघाईने वाजवतोय बघा, जेवण निवतंय घरी त्याचं! लुत्सी, जा, त्याला सांग मी ऐकतेय म्हणावं!"

लुत्सी गेला. घंटा मधेच अडखळली आणि बंद पडली. थोड्या वेळाने वाल्टी स्वतः आला, टोपी कुस्करत. बायकांसाठी लहान घंटाच असते, हे त्याने सांगून पाहिले. "कोणी ठरवलं?" मेंगाने विचारले. त्याला आठवेना. पुढच्या वेळी मोठी वाजवीन, असे त्याने सगळ्यांसमोर कबूल केले, तेव्हा कुठे त्याला आत घेण्यात आले.

बार्ब्ला केक घेऊन परत वळू लागली.

"तो कुठे नेतेस?" मेंगा म्हणाली. "माझ्यासाठीच आणलास ना? ठेव."

मग कॉफी झाली. लुत्सीने योरीची पटाशी आणली, शेगडीजवळच्या खिडकीचे सिलिकॉन खरवडून काढले, आणि ती बोटभर उघडी ठेवली. शेगडी निमूटपणे धूर वर सोडू लागली. "हवा अशी घ्यायची असते," तो बहिणीला म्हणाला. "खिडकीतून." नेसाने केकचा मोठा तुकडा स्वतःकडे ओढला.

पाहुणे उठले. वाल्टी दारापाशी गेला, त्याने दार उघडले, आणि कडीवर हात ठेवून त्याला चर्चच्या छपराची गोष्ट आठवली. बार्ब्ला त्याच्यामागे उभी राहिली आणि तिला वाल्टीच्या बायकोची. बाकीचेही थांबले, कुणी उंबऱ्यावर, कुणी पायरीवर. मेंगा शेगडीपाशी बसून त्यांच्याकडे पाहत होती. ती ओरडली नाही. नेसाने वळून पाहिले, आईला बरे वाटत नाही की काय म्हणून.

सगळे गेल्यावर मेंगा उठली. तिने टेबलावरचे कॉफीचे भांडे उचलून बाजूला ठेवले आणि त्याच्याखालची काळपट फळी हातात घेतली. ॲप्रनने तिच्यावरचा कॉफीचा गोल डाग पुसला, निघाला नाही, आणि फळी घेऊन ती झोपायच्या खोलीत गेली. दार तिने लावून घेतले.

लुत्सी आणि नेसा एकमेकांकडे पाहत राहिले. "ती फळी!" नेसा कुजबुजली. "मी पलंगाखाली शोधत होते!"

आतून आईचा आवाज आला. नेहमीचाच, करडा.

"योरी. आत की बाहेर?"

मग बराच वेळ काही नाही. मग, "बरं." मग लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज.

मेंगा बाहेर आली. "कॉफी निवली," ती म्हणाली, आणि भांडे शेगडीवर चढवले.

योरी आत राहिला की बाहेर गेला, हे विचारायचे धाडस दोन्ही मुलांना झाले नाही.

अंधार पडायच्या आत लुत्सीला घाट उतरायचा होता. त्याने टेबलापाशी आईचा निरोप घेतला. कोट घातला, पुन्हा घेतला. थर्मामीटर तो शेगडीवरच्या मांडणीवर ठेवून चालला होता. दारापाशी जाऊन त्याने कडी काढली, दार उघडले, एक पाय बाहेर टाकला, आणि कडीवर हात ठेवून वळला.

"अगं आई, एक राहिलंच," तो म्हणाला.

बर्फाचे कण उंबऱ्यावरून आत आले. शेगडीतला जाळ मंद झाला. एवढ्या नळ्या रिकाम्या करून नेसाने जी थंडी अडवली होती, ती सगळी भावाच्या बगलेखालून, ओळखीच्या पाहुण्यासारखी, सावकाश घरात शिरली. नेसाच्या मस्तकात तिडीक गेली. तिने ओरडायला तोंड उघडले.

"थांब," मेंगाने तिच्या मनगटावर हात ठेवला. "बोलू दे त्याला पुरतं."

लुत्सीला जे सांगायचे होते ते एवढेच, की बाहेरची एक पायरी हलतेय, पुढच्या रविवारी येऊन तो ती ठोकून देईल, आणि हो, खिळे घरात आहेत का. मग पायरीवरून विषय जिन्याकडे गेला, जिन्यावरून छपराकडे. मेंगाने शाल घट्ट ओढून घेतली आणि खुर्ची दाराकडे वळवली.

"हं," ती म्हणाली. "पुढे?"